हरकतबाईंची शेवटची हरकत

आमच्या परवाना कार्यालयात त्यांचं खरं नाव फक्त कागदावर होतं. तोंडी त्या हरकतबाई. हे नाव मीच ठेवलं. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बऱ्याच गोष्टी दुसऱ्याच्या माथी मारायचा मोह मला होणार आहे.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. कुणाला बार काढायचा असेल, दारू विकायची असेल, जागेत गाणंबजावणं ठेवायचं असेल, तर तो आमच्याकडे अर्ज करतो. आम्ही पिवळ्या कागदावर नोटीस काढतो आणि ती त्या जागेच्या दारावर अठ्ठावीस दिवस लावतो. त्या मुदतीत आसपासच्या कुणालाही लेखी हरकत घेता येते. हरकत आलीच नाही तर परवाना टेबलावरून सरळ निघतो. आली, तर तीन सदस्यांचं मंडळ बसतं, दोन्ही बाजू ऐकतं आणि परवाना देतं किंवा नाकारतं. बहुतेक वेळा अटी घालून देऊन टाकतं. एक नियम मात्र पक्का. ज्याने लिहून दिलं नाही, त्याला सुनावणीत तोंड उघडता येत नाही.

मी एकोणतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. तेवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली, लोक नोटीस वाचत नाहीत. तिला पाठ लावून उभे राहतात, तिच्यावर फोन नंबर लिहून तो कोपरा फाडून नेतात, आणि बार सुरू झाला की आमच्या नावाने खडे फोडतात, आम्हाला कुणी विचारलंच नाही म्हणून.

बाईही एकेकाळी ह्यातल्याच. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. सव्वीस वर्षं कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. निवृत्त झाल्या त्याच वर्षी नवऱ्याला पक्षाघात झाला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली, कान मात्र शाबूत राहिले. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीशी त्यांची खाट. आणि समोरच्या गोदामाचा झाला नाचगाण्याचा हॉल. ढोल वाजायला लागला की नवरा चांगल्या हाताने चादर मुठीत धरून ठेवायचा. बाई तक्रार घेऊन माझ्या काउंटरवर आल्या, ती आमची पहिली गाठ.

मी फाइल काढून दाखवली. चार महिन्यांपूर्वी नोटीस लागली होती, पूर्ण अठ्ठावीस दिवस. हरकत एकही नाही.

"त्या दारावरून मी रोज दोनदा जाते," त्या म्हणाल्या. "भाजी आणायला."

"मग वाचायचं ना, बाई," मी म्हटलं.

घरात नवरा असा पडलेला, आणि मी हे बोललो. सात महिन्यांनी नवरा गेला. ते सात महिने त्याला कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं काम मुलाने केलं, तेव्हा तो तिशीच्या आतबाहेर होता. हॉल पुढे आपोआप बंद पडला. त्याचा कुणाला काही उपयोग झाला नाही.

नवऱ्याचं सगळं आटोपल्यावर बाई पुन्हा आल्या आणि हरकत कशी लिहायची ते विचारून घेतलं. मी नमुना दिला. तो देताना मला कल्पना असती पुढे काय वाढून ठेवलंय, तर नमुने संपलेत म्हणून सांगितलं असतं.

त्यानंतर अकरा वर्षं. दर सोमवारी सकाळी बाई वही घेऊन निघायच्या आणि सहा गल्ल्यांतलं दारन् दार बघायच्या. पिवळा कागद दिसला की थांबायच्या, चष्मा बदलायच्या, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायच्या. मग वरच्या मजल्यावर जाऊन चौकशी. घरात कोण आहे, वय काय, आजारी कोण, खिडकी कुठे उघडते. रिकाम्या दुकानात उभं राहून टाळी वाजवायच्या आणि वरच्यांना विचारायच्या, ऐकू आली का? त्यांची हरकत म्हणजे दोन पानी पत्र, गोलगोल अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मंडळाचे अध्यक्ष स्वतः कबूल करायचे की त्यांच्या पत्रातून इमारतीचा नकाशा काढता येईल.

त्यांचे किस्से आमच्याकडे चहाबरोबर चालायचे. एका बारवाल्याने वैर मिटवायचं म्हणून त्यांना उद्घाटनाची फीत कापायला बोलावलं. बाई गेल्या, फीत कापली, हसऱ्या चेहऱ्याने फोटो काढून घेतला, आणि आत पाऊल टाकल्या टाकल्या मला फोन केला, "मागचं दार सताड उघडं ठेवलंय. अट क्रमांक चार." आणखी एकाने कंटाळून त्यांनाच सांगितलं, तुम्ही सांगाल तिथे स्पीकर लावतो. त्यांनी भिंतीवर खडूने खूण करून दिली. त्या खुणेवर तो स्पीकर अजून आहे.

कुणाचं मागचं दार नऊनंतर बंद झालं, कुणाची गच्चीवरची टेबलं खाली आली, ते सगळं त्यांच्यामुळे. पण त्यातून एक भलतंच झालं. पूर्वी एखाद्या जागेवर दहा-पंधरा पत्रं यायची. हळूहळू लोकांनी लिहिणं सोडलं. बाई आहेत ना, बाई लिहितील. बाईंनाही त्यात कुठेतरी बरं वाटत असावं, त्यांनी कुणाला कधी टोकलं नाही. शेवटच्या चार-पाच वर्षांत सहा गल्ल्यांतून येणारी हरकत एकच. आणि आमच्या हिशेबी एक पत्र म्हणजे एक हरकत, ते कितीही जणांच्या वतीने लिहिलेलं असो.

मला त्यांचा राग यायचा, हे लपवत नाही. त्यांच्या एका पत्रापायी पाच ठिकाणी सूचना पाठवा, खोली धरा, खुर्च्या लावा, इतिवृत्त लिहा. नाकीनऊ यायचे. त्या काउंटरवर दिसल्या की मी मुद्दाम खाली मान घालून काहीतरी लिहीत बसायचो.

अशात एका दुपारी त्यांचा मुलगा आला. मी त्याला ओळखत नव्हतो. चाळिशी ओलांडलेला, मनगटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात उभा जन्म घालवलेला माणूस. शेवटचं हॉटेल बंद पडल्यावर वर्षभर घरी होता. आता बायकोबरोबर भागीदारीत स्वतःची छोटी जागा काढत होता. खायला चार पदार्थ, सोबत प्यायला, आणि आठवड्यातून दोनदा एखादा गाणारा. कागद सगळे नीट लावले होते. जाता जाता तो काउंटरवर वाकला.

"साहेब, त्या हरकती घेणाऱ्या बाई आहेत ना, ती माझी आई. तिला एवढ्यात सांगू नका. मी सांगतो वेळ बघून."

"आम्ही कशाला सांगू?" मी म्हटलं.

"नोटीस लागायच्या आत सांगतोच. ती नाही म्हणणार नाही. जरा बोलेल, मग होईल सगळं ठीक."

तो सांगू शकला नाही. का, ते मला माहीत नाही. वर्षभर रिकामा बसलेला माणूस आईसमोर कसा उभा राहतो, ते ज्याचं त्याला ठाऊक. नोटीस लागली. आता आमच्या नोटिशीची गंमत अशी, की अर्जदार माणूस असेल तर त्याचं नाव असतं, पण भागीदारी असेल तर फक्त भागीदारीचं नाव. माणसांची नावं रजिस्टरात. हे आम्हाला माहीत, बाईंना माहीत. मुलाला माहीत नव्हतं. त्याने ती नोटीस वाचलीसुद्धा नाही. ज्याने त्याने दुसऱ्याची वाचावी अशी ती वस्तू.

नवव्या दिवशी बाई पत्र घेऊन आल्या.

"मालक कोण आहे हो ह्याचा?" त्यांनी विचारलं.

सांगता आलं असतं. तोंडी नाव सांगायला कुठलाही नियम आड येत नव्हता. पण मी म्हटलं, "रजिस्टर बघायचं तर वेगळा अर्ज करावा लागतो, बाई. दोन दिवसांनी मिळेल."

"जाऊ दे. कोण का असेना. मला जागेशी मतलब."

मी पत्रावर शिक्का मारला आणि पोच दिली. मला आतून हसू फुटत होतं. त्या वळल्यावर शेजारच्या टेबलावरच्याला म्हटलं, "आता ह्यांच्या घरातच सुनावणी." तो इतका हसला की चहा सांडला.

मग मी पत्र वाचलं. त्या जागेच्या वर एक जोडपं राहत होतं, दोघंही सत्तरीच्या पुढचे. बायकोला फुप्फुसाचा आजार, नाकात नळी, खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. बाईंनी सगळं नेहमीप्रमाणे मांडलं होतं. खिडकी कुठे, जिना कुठे, टाळी कुठवर ऐकू जाते. पण शेवटी त्यांचा तोल सुटला होता. लिहिलं होतं, "ही जागा निवडणाऱ्या माणसाने घरात कधी कुणाचं दुखणं काढलेलं नसावं. नाहीतर डोक्यावर आजारी माणूस असताना खाली गाणी लावायची बुद्धी त्याला झाली नसती."

इथे माझं हसू थांबायला हवं होतं. थांबलं नाही. हरकतीची प्रत अर्जदाराला पाठवायची असते. एरवी मी आठ-दहा दिवस लावतो. ही मी त्याच दिवशी पाठवली.

सुनावणीला तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत त्या घरात काय चाललं असेल, ते मला पुढे सुनावणीच्या दिवशी कळलं. पाकीट मुलाच्याच हाती पडलं. आईचं अक्षर त्याने लगेच ओळखलं. तो धरून चालला की आईने नोटिशीवर त्याचं नाव वाचलंय. त्याला वाटलं, आईने जाणूनबुजून हे लिहिलंय, ज्याने बापाला सात महिने कुशीवर वळवलं त्याला उद्देशून, आणि वर काही झालंच नाही अशा चेहऱ्याने ती रोज आपलं ताट वाढतेय. तो वाट बघत राहिला, ती आज बोलेल, उद्या बोलेल. तिला बोलण्यासारखं काही माहीतच नव्हतं. मुलगा घुम्यासारखा का झालाय, जेवताना मान वर का करत नाही, ह्याचीच काळजी ती करत असणार.

सुनावणी अकराची. बाई साडेदहालाच हजर, हातात पाण्याची बाटली आणि फाइल. बाकावर मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला, शेजारी सून. बाईंचा चेहरा उजळला.

"अरे, तू आलास? आणि हिलाही आणलंस? माझ्यासोबत कशाला यायला हवं होतं, मला काय नवीन आहे का हे?"

मुलगा म्हणाला, "आई, पुरे आता."

त्यांना काही उमगलं नाही. त्या सुनेकडे बघून हसल्या. सून जमिनीकडे बघत राहिली. तेवढ्यात शिपायाने अर्जदाराला पुकारलं, भागीदारीचं नाव घेऊन, आणि मुलगा उठून उभा राहिला.

मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो, त्यामुळे बाई माझ्या अगदी समोर होत्या. त्या आधी मुलाकडे बघत राहिल्या. मग हातातल्या फाइलकडे. मग त्यांनी फाइल उघडली आणि आपलंच पत्र वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीपर्यंत आल्या तेव्हा त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली. फार उशिरा वाटली, पण वाटली.

अध्यक्ष भले गृहस्थ होते. प्रकार त्यांच्या लक्षात आला. ते म्हणाले, "बाई, हरकत मागे घेता येते. ही एकच हरकत आहे. तुम्ही घेतलीत मागे, तर सुनावणीची गरजच उरत नाही."

मी मागे घेण्याचा नमुना त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पेन हातात घेतलं. मला वाटलं, सुटलो.

मागच्या बाकावरून एक म्हातारे उठले. वर राहणारे तेच. "मला बोलायचंय," म्हणाले. "माझी बायको..."

मला नियम सांगावा लागला. "तुम्ही लेखी दिलंय का?"

"नाही. बाईंनी लिहिलंय ना? त्या म्हणाल्या, मी लिहिते. सगळ्यांचं त्याच लिहितात."

"मग तुम्हाला बोलता येणार नाही."

म्हातारे उभेच राहिले. बसायचं की जायचं, ते त्यांना कळेना. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"वर कोण राहतं, बघितलं होतंस का?" त्यांनी विचारलं.

"बघितलं होतं," मुलगा म्हणाला. "मला दुसरी जागा कुणी देत नव्हतं, आई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "लिहिलंय ते राहू दे," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "शेवटचं वाक्य तेवढं काढा. ते खोटं आहे. बाकीचं राहू दे."

अध्यक्षांनी सांगितलं, दाखल झालेलं पत्र बदलता येत नाही. पूर्ण ठेवा किंवा पूर्ण मागे घ्या. बाईंनी मान हलवली. मग त्यांनी बाजू मांडली. अकरा वर्षांत त्यांचा आवाज कधी कापलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी वाक्यावाक्याला त्या पाणी पीत होत्या. त्यांनी एकदाही "माझा मुलगा" म्हटलं नाही, शेवटपर्यंत "अर्जदार" म्हणत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, हे नियमाला धरून आहे. मुलगा ते कसं ऐकत होता, ते मी बघत होतो.

निकाल वीस मिनिटांत लागला. परवाना मंजूर, अटींसह. गाणं रात्री दहापर्यंतच, दारं-खिडक्या बंद ठेवून. म्हणजे वरच्या म्हाताऱ्यांचं काही टळलं नाही, आणि मुलाला गाणारा ठेवणंही कठीण झालं. तिघांपैकी कुणाच्या हाती काही पडलं असं म्हणता येणार नाही.

मंडळ उठलं. मी हजेरीच्या सह्या घेत होतो, माझे साहेब शेजारीच उभे होते. बाई मुलाजवळ गेल्या आणि त्याच्या दंडाला हात लावला.

"मला माहीत नव्हतं रे तूच आहेस ते."

"नोटीस तू वाचतेस. सगळ्या वाचतेस."

"त्यावर नाव नव्हतं. खरंच सांगते, नव्हतं."

"आई, तीन आठवडे मी तुझ्या हातचं जेवलो. तू विचारत होतीस, मीठ बरोबर आहे का. मघाशी बाकापाशीसुद्धा, 'माझ्यासोबत कशाला आलास' म्हणे. कुणासाठी चाललंय हे नाटक?"

तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. "अरे, ह्यांना विचार की! अहो, मी पत्र द्यायला आले तेव्हा तुम्हाला विचारलं होतं ना, मालक कोण म्हणून? सांगा ना त्याला. मी विचारलं होतं."

मुलगाही माझ्याकडे बघायला लागला. त्याला हवं होतं, मी हो म्हणावं. हे मी आज शपथेवर सांगू शकतो. तो माणूस भांडायला उभा नव्हता, त्याला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

एक वाक्य होतं. "हो, विचारलं होतं, आणि मी सांगितलं नाही." पण मग साहेब विचारणार, का नाही सांगितलं? मुलगा म्हणणार, मी तर ह्यांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. चौकशी लागणार. शेजारच्या टेबलावरचा तो हसणारा साक्ष द्यायला एका पायावर तयार होता. मला निवृत्तीला दहा महिने उरले होते.

"बाई, काउंटरवर दिवसाला शंभर माणसं येतात," मी म्हटलं. "मला असं काही आठवत नाही."

त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही. सव्वीस वर्षं फोनवर काम केलेली बाई, कोण खरं बोलतंय आणि कोण नाही, हे त्यांना माझ्या पहिल्या शब्दालाच कळलं असेल. मुलाला कळलं नाही. काउंटरच्या मागे बसणारा माणूस असल्या घरगुती गोष्टीत खोटं कशाला बोलेल? त्याने दंडावरचा हात हळूच बाजूला केला आणि सुनेला घेऊन जिना उतरून गेला. बाईंची सही राहिली होती. मी कागद पुढे केला. त्यांनी सही केली, पेन मला परत दिलं आणि नळावर जाऊन बाटली भरून घेतली. मग बराच वेळ त्या बाकावर बसून राहिल्या.

त्याच आठवड्यात मुलगा बायकोला आणि मुलीला घेऊन दुसरीकडे राहायला गेला. बार सुरू झाला, अजून चालू आहे. वरच्या म्हाताऱ्यांची बायको तिथेच वारली. ती गाण्याने गेली असं कुणी म्हणू शकणार नाही, पण शेवटचे महिने तिने खिडकीच्या फटींत कापूस कोंबून काढले. सहा गल्ल्यांतून हरकती येणं बंद झालं. लोकांना लिहायची सवय राहिली नव्हती आणि बाई परत आल्या नाहीत. माझ्या शेवटच्या दहा महिन्यांत परवाने टेबलावरून सरळ निघत होते, आणि साहेब माझ्या कामावर खूश होते.

बाई दीड वर्षाने गेल्या. मुलगा आला होता, शेवटचं सगळं त्यानेच केलं, असं मला त्या शेजारच्या टेबलावरच्याने फोन करून कळवलं. तो म्हणाला, "चल, जाऊन येऊ, इतक्या वर्षांची ओळख." मी कपडे घालून तयारही झालो होतो. मग बसून राहिलो. तिथे गेलो असतो तर त्याला सांगावं लागलं असतं.